न विचारलेली तारीख

संपादकांचा फोन आला. म्हणाले, दिवाळी अंकासाठी काहीतरी थरारक लिहा. मी हो म्हणून बसलो, कारण फोनवर नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही. आता लिहायला घेतल्यावर अडचण कळते आहे. थरार हा रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्याला असतो. आत बसणाऱ्याला फक्त गरम होतं. अंगात आग न धरणारा जाड सूट, डोक्यावर हेल्मेट, काचा बंद, पंखा नाही आणि पायाशी इंजिनाची धग. चौदा वर्षं मी रॅलीच्या गाड्या चालवल्या, त्यातली निम्मी आठवण घामाची आहे.

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो की सगळ्यात जास्त किती पळवली. पूर्वी मी एक आकडा सांगायचो. तो ऐकून त्यांचा जिलेबीचा हात थांबायचा, मलाही बरं वाटायचं. हल्ली सांगतो, आठवत नाही. ते नाराज होतात आणि पलीकडच्या माणसाशी बोलायला लागतात.

आमचं भंडाऱ्यात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं दुकान. मोहाडीकडचे विणकर हातमागावर कोसा विणायचे, वडील तो घ्यायचे आणि विकायचे. माल आणायला एक डिझेल जीप होती. वडिलांचा धंदा काचेच्या बांगड्यांचा असता तर कोणीतरी मला सावकाश चालव म्हणालं असतं आणि मी आज सरळमार्गी माणूस असतो. कोशाला धक्का लागत नाही. मोहाडीचा रस्ता, त्या रस्त्यावरची प्रत्येक म्हैस आणि तिची रस्ता ओलांडायची वेळ मला पाठ होती. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच सुमारास नागपूरच्या एका क्लबाने रॅली ठेवली होती. मी वडिलांना माल आणायला जातो सांगून तीच जीप घेऊन गेलो आणि चौथा आलो. वडिलांना ते वर्तमानपत्रातून कळलं. ते एवढंच म्हणाले की माल कुठे आहे.

त्या रॅलीत नागपूरच्या एका वर्कशॉपवाल्या शेठनी मला पाहिलं. त्यांच्याकडे तयार केलेली गाडी होती, चालवायला माणूस नव्हता. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्याच गाड्या चालवल्या. वर्षातून सहा-सात रॅल्या, वाळवंटात, घाटात, दक्षिणेतल्या मळ्यांमधून. उरलेले दिवस दुकानात गादीवर बसून लुगडी उलगडायची आणि परत घड्या घालायच्या.

रॅली म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो. रॅलीत गाड्या एकत्र सुटत नाहीत. एकेक सुटते, मध्ये दोन मिनिटांचं अंतर ठेवून. रस्ता साधाच असतो, लोकांचा रोजचा, त्या दिवसापुरता परवानगी काढून बंद केलेला. त्याचे टप्पे पाडलेले असतात. ज्याला सगळ्या टप्प्यांना मिळून कमी वेळ लागला तो जिंकला. समोर कोणी नसतं, मागचा दिसत नाही, भांडण घड्याळाशी असतं. आणि गाडीत दोघं असतात. एक चालवतो आणि दुसरा वाचतो.

हे वाचणं लोकांना पटत नाही. आम्ही चार-पाच दिवस आधी तोच रस्ता हळू फिरून वहीत लिहून घेतो. कुठे डावं वळण, किती आखूड, कुठे चढ, चढाच्या पलीकडे काय. शर्यतीत नेव्हिगेटर ती वही वाचतो आणि चालवणाऱ्याने आपल्या डोळ्यांपेक्षा त्या वहीवर जास्त भरवसा ठेवायचा. चढापलीकडचं कोणालाच दिसत नाही. वहीत 'पाय न उचलता, वर सरळ' लिहिलं असेल तर पाय उचलायचा नाही. ज्याला हे जमत नाही तो चांगला ड्रायव्हर होतो, रॅलीचा होत नाही.

माझा पहिला नेव्हिगेटर इंजिनिअर होता. अतिशय हुशार. तिसऱ्या टप्प्यात त्याला वहीतच उलटी झाली आणि पुढची चार पानं मी अंदाजाने चालवली. त्यानंतर मला पुरुषोत्तम सापडला. हा मोहाडी तालुक्यातल्या एका खेड्यातला, घरी धानाची शेती. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीबरोबर प्रॉम्प्टर म्हणून फिरायचा. राणीच्या पोशाखाला कापड घ्यायला तो दुकानात आला तेव्हा मी त्याला ओळखलं. आदल्या आठवड्यात मी ते नाटक स्टेजच्या बाजूला, पडद्याशी उभं राहून पाहिलं होतं. नायकाचं काहीही पाठ नव्हतं. पण पडद्याआडून एक आवाज त्याला पुढचं वाक्य नेमकं आधी, एक श्वास आधी, देत होता. पहिल्या रांगेला तो ऐकू येत नव्हता आणि नायकाला मात्र बरोबर येत होता. मी कापड मोजता मोजता विचारलं की तुम्हाला गाडीत उलटी होते का.

"नाटकाच्या सामानावर बसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फिरतो भाऊ," तो म्हणाला. "तिथं नाही होत त इथं कायले होईन?"

पुरुषोत्तमची वही बघण्यासारखी होती. नाटकाच्या वहीत जसे विराम, आवाज चढवायच्या आणि उतरवायच्या खुणा असतात तशा त्याने वळणांना केल्या होत्या. आखूड वळण आलं की त्याचा आवाज राजाला कट कळल्यासारखा व्हायचा. बाकीचे संघ हसायचे. एकदा फ्रान्सचे एक निवृत्त ड्रायव्हर आम्हा लोकांना शिकवायला आले होते. रॅल्या आणि चोवीस-चोवीस तासांच्या शर्यती यांत सगळं आयुष्य गेलेलं, एक गुडघा कायमचा वाकडा. त्यांनी ती वही हातात घेतली, अक्षर ओळखीचं नाही म्हणून परत दिली आणि पुरुषोत्तमला वाचायला सांगितलं. स्वतः खुर्चीत डोळे मिटून बसले. पुरुषोत्तमने आमच्या बोलीत दोन पानं वाचली. म्हाताऱ्याला एक शब्द कळत नव्हता, पण त्याचे हात हवेत फिरायला लागले. डावीकडे, उजवीकडे, मध्ये ब्रेकचा पाय. एकही वळण चुकलं नाही. त्या दिवसापासून आम्हाला कोणी हसलं नाही.

त्याच गृहस्थांनी मला लांब पल्ल्याच्या शर्यतीत बसवलं. ही वेगळीच जात. एकाच वर्तुळावर बारा तास फिरत राहायचं, एक गाडी, तिघं ड्रायव्हर, आळीपाळीने. त्यांचं मुख्य शिक्षण झोपेचं होतं. आपली पाळी संपली की बूट काढायचे, भिंतीला टेकायचं आणि वीस मिनिटं झोपायचं, आजूबाजूला काहीही पेटलेलं असो. मला ते जमलं नाही. मी जागाच राहायचो आणि पुढच्या पाळीत जांभया देत फिरायचो. घरी आल्यावर आईने विचारलं, कुठून कुठे गेला होतास. मी म्हणालो, जिथून निघालो तिथेच. ती म्हणाली, "मंग बारा घंटे काय केलं?" अशा तीन शर्यती केल्या आणि सोडून दिल्या.

पण ज्यासाठी लिहायला बसलो ते वेगळं आहे.

रॅलीतल्या माझ्या बाराव्या का तेराव्या वर्षी क्लबाने ठरवलं की दिवाळीनंतरची रॅली भंडारा जिल्ह्यात घ्यायची. मला आभाळ ठेंगणं झालं. पवनी तालुक्यात आसगावच्या अंगाचे रस्ते, तळी, दोन्ही बाजूंना धान. त्यात शेठनी सांगितलं होतं की ही जिंकलास तर पुढच्या वर्षी परदेशातल्या लांब रॅलीत गाडी तुझी. क्लबाने परवानग्या काढल्या, गावांना द्यायची पत्रं तयार केली. फक्त एक कागद भरायचा राहिला होता. रस्त्यावरच्या नऊ गावांचे बाजाराचे दिवस आणि मंडईच्या तारखा. तो कागद भंडाऱ्याचा माणूस म्हणून माझ्याकडे आला. खाली सही करायला जागा नव्हती, म्हणून मी सहीही केली नाही. त्याच्यावरून रॅलीचा दिवस पक्का होणार होता.

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीची खरी दिवाळी. भाऊबीज झाली की एकेका गावाची मंडई एकेका दिवशी असते. दुकानं लागतात, पाळणे येतात, नाचगाण्याची दंडार होते, नाटक होतं. आजूबाजूच्या दहा गावांचे पाहुणे त्या गावात जमतात, लेकी माहेरी येतात, लग्नं तिथेच ठरतात. कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मलाही होतं. दुकानात एका बाईंना लुगडी दाखवता दाखवता मी नऊच्या नऊ गावांच्या तारखा लिहून टाकल्या. पुरुषोत्तम शेजारी बसला होता.

"तारीख गावाले इचारून घेजो भाऊ," तो म्हणाला. "साल साल एकसारखं नसते."

मी त्याला म्हणालो, मले नको शिकवू. तो उठून तंबाखू खायला गेला. रॅलीचा दिवस त्या कागदाप्रमाणे रविवार ठरला, म्हणजे त्या रस्त्यावरच्या शेवटच्या मंडईनंतर दोन दिवसांनी.

त्या नऊपैकी एका गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे अजून मला जेवायला बोलावतात. त्या गावात मंडईचा पहिला नारळ एका ठरलेल्या घरचा असतो. तो फुटल्याशिवाय मंडई सुरू होत नाही. त्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी त्या घरचा म्हातारा गेला. घराला सुतक. गाव भलं, माझ्याकडे तो कागद यायच्या आधीच त्यांनी बसून ठरवलं होतं की दुसऱ्याच्या हातचा नारळ नको, सुतक फिटू द्या, मंडई रविवारी करू. आणि मग क्लबाचं पत्र आलं, त्यात एवढंच की रविवारी तलावावरचा रस्ता वाहनांसाठी बंद राहील. नेहमीच्या मैदानात अजून चिखल होता. दुकानदारांनी विचार केला की रस्ता बंदच आहे, एसटी यायची नाही, ट्रॅक्टर यायचा नाही, मग तलावाच्या पाळीसारखी, त्या बंधाऱ्यावरच्या रस्त्यासारखी, जागा नाही. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

रविवारी सकाळचे पहिले टप्पे झाले तेव्हा आम्ही अकरा सेकंदांनी पुढे होतो, म्हणून तलावाच्या टप्प्यावर आमची गाडी पहिली सुटली. रस्ता तपासणारी गाडी आमच्या दीड तास आधी गेली होती. तिला पाळ रिकामी दिसली. पोलीस रस्त्याच्या दोन्ही टोकांना होते. पण धान कापलेला असताना आमच्याकडे पाहुणा रस्त्याने कशाला येईल? तो बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, धुऱ्याधुऱ्याने, सरळ येतो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गाडी छान चालली होती. पुरुषोत्तम वाचत होता. डावं, आखूड. पन्नास. उजवं, मोकळं. पुढे रस्ता चढून तलावाच्या पाळीवर जातो, वर तीनशे मीटर सरळ, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वीस फूट खाली शेत. वहीत लिहिलं होतं, 'चढ, पाय न उचलता, वर सरळ.' ते वाक्य यायची वेळ झाली आणि आलं नाही.

एवढ्या वर्षांत तो कधी थांबला नव्हता. गाडी उलटली तेव्हाही तो ओळ पुरी करून गप्प झाला होता. मी चढाकडे बघत होतो, तो डावीकडे शेतात बघत होता.

"बाया पाह्य," तो म्हणाला. "नवी लुगडी नेसल्या. साऱ्या एकाच बाजूनं चालल्या. मंडई हाये, थांब."

माझा पाय ऐकेना. मला त्या क्षणी खरंच वाटलं की हा चुकतो आहे, मंडई शुक्रवारी होऊन गेली, मीच लिहून दिलं आहे. अकरा सेकंदांचा हिशेबही डोक्यात आला, खोटं कशाला बोलू. मग त्याने वही मिटली. वही मिटल्याचा आवाज एवढ्या गोंगाटात येऊ शकत नाही, पण मी तो ऐकला. मी ब्रेकवर उभा राहिलो.

गाडी घसरत चढली आणि चढाच्या माथ्यावर थांबली. समोर, दोन खाटा मावतील एवढ्या अंतरावर, एक म्हातारा पोत्यावर शिंगाड्यांची रास घालून बसला होता. त्याच्या मागे बांगड्यांची दुकानं, फुगे, लाकडी पाळणा, आणि पाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत माणसं. कडेवर पोरं घेतलेली माणसं. म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "गाडी काढाची हाये का बापू? पोतं सरकवू का?"

मागची गाडी दोन मिनिटांवर होती. पुरुषोत्तम केव्हाच उतरला होता. प्रत्येक गाडीत एक लाल फलक असतो, अपघात झाला तर मागच्याला दाखवायचा. तो घेऊन, हेल्मेटसकट, तो चढावरून खाली धावत सुटला. मी गाडी मागे घेतली, पाळीच्या पायथ्याशी आणून रस्त्यावर आडवी लावली. पुरुषोत्तम दिसला तर मागचा थांबेल, नाही दिसला तर मला धडकेल, पण वर जाणार नाही. गाडीतून उतरायचं मला सुचलंच नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिलो आणि उजव्या काचेतून रस्ता बघत राहिलो. धूळ आली, धुळीतून गाडी आली, चाकं अडकलेली, तिरपी, आणि माझ्या दारापासून वीस पावलांवर थांबली. आतला मुलगा कोईमतूरचा होता. त्याने हेल्मेट काढलं आणि मला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी मान हलवली. मग मला हसू यायला लागलं आणि थांबेना.

पाठोपाठ, आमच्यासकट, चौदा गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. त्या गावाने त्या दिवशी आम्हा सगळ्यांना मंडई दाखवली. आग न धरणारे सूट घातलेले अठ्ठावीस लोक शिंगाडे सोलत दंडार बघत होते. कोईमतूरचा मुलगा पाळण्यात बसला. कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. मी इतका हलका कधी झालो नव्हतो, एकदा नाही, दहादा माणसं मोजावीशी वाटली, सगळी आहेत ना. इथे हे लिखाण संपवता आलं असतं तर मला आवडलं असतं.

तो टप्पा रद्द झाला. नियमाप्रमाणे आधीच्या टप्प्यांवरून निकाल लागला आणि मी जिंकलो. वर्तमानपत्रात फोटो आला, भंडाऱ्याच्या पठ्ठ्याने शेकडो जीव वाचवले. शाल, नारळ, सत्कार. बातमीत खाली एक ओळ होती की गावाने ऐनवेळी न कळवता मंडईची तारीख बदलली. त्या गावच्या सरपंचबाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्या तारखांच्या कागदाबद्दल मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. चूक कोणाची का असेना, कोणी मेलं तर नाही, असं मी स्वतःला सांगायचो. तीन आठवडे गेले.

मग पुरुषोत्तम दुकानात आला. नाटकाच्या दौऱ्यावर तो त्याच भागात गेला होता. त्याने बातमी आणली ती वर्तमानपत्रात नव्हती. ज्या घरचा म्हातारा गेला ते घर सरपंचबाईंचंच होतं. म्हातारा त्यांचा सासरा. आता गाव म्हणत होतं की पिढ्यांची तारीख मोडली म्हणून हे झालं. कोणी म्हणत होतं, बुड्याच्या सुतकापायी सारं गाव मेलं असतं. म्हातारी, म्हणजे सरपंचबाईंची सासू, घराबाहेर पडेना. मेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायची तिला चोरी झाली होती.

मी कोशाची घडी घालत राहिलो.

"वाक्य तुयं हाये भाऊ," तो म्हणाला. "मी किती डाव सांगू?"

त्याच दिवशी मी क्लबाला पत्र लिहिलं. तारखा मी लिहिल्या, एकाही गावात न जाता लिहिल्या, विचारून घे असं मला सांगितलेलं होतं तरी लिहिल्या. चषक परत पाठवला. क्लबाने एका हंगामाची बंदी घातली, ती योग्यच होती. शेठ चिडले नाहीत, पण परदेशातली गाडी दुसऱ्याला दिली. तो मुलगा तिथे नववा आला. मी असतो तर सहावा तरी आलो असतो, असं मला आजही वाटतं आणि वाटलं की त्या दिवशी जेवण जात नाही.

पत्राची एक प्रत घेऊन आम्ही दोघं त्या गावाला गेलो. सरपंचबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. पंचेचाळिशीच्या, पदर खोचलेला. मला बघून त्यांचा चेहरा खुलला, कारण त्यांच्या लेखी मी गाव वाचवणारा होतो. बसा भाऊ म्हणाल्या, खाट टाकली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं आणि पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं आता तोंडात मारतील. मारायला हवं होतं.

"त्या दिवशी माही सून अन् नातू पाळीवर होते," त्या म्हणाल्या. मग पत्र घेऊन दाराकडे वळल्या. "आत्याबाई, बाहेर या जरा. हा मानूस काय म्हनते ऐका."

म्हातारी उंबऱ्यापर्यंत आली. बारीक, पांढरं लुगडं, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत. सरपंचबाई मला म्हणाल्या, आता तुम्हीच सांगा.

मी सांगितलं की आजी, मंडईची तारीख मी गावाला विचारली नाही. मनानेच लिहून दिली. म्हणून गाड्या त्या दिवशी आल्या.

"म्हनजे बुड्यापायी नाही झालं?"

"नाही आजी. माझ्यापायी झालं."

तिने सरपंचबाईंकडे पाहिलं. परत माझ्याकडे वळली. "त्याच्या सुतकापायी नाही?"

"नाही. माझ्यापायी."

तिने तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिने आणखी दहा वेळा विचारलं असतं तर मी दहा वेळा सांगितलं असतं, मला प्रत्येक वेळी बरं वाटत होतं. मग ती उंबऱ्यावर खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याचं नाव घेऊन मोठ्याने रडायला लागली. शेजारच्या बाया दारात आल्या. मी घाबरून पुढे झालो, पण सरपंचबाईंनी हाताने मला थांबवलं.

"रडू द्या," त्या म्हणाल्या. "बुडा गेला तवापासून आज पयल्यांदा रडून रायली."

त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या. मी आणि पुरुषोत्तम बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत म्हातारी म्हाताऱ्याला हाका मारत होती, कधी लग्न झालं, कधी कोणता बैल घेतला, सगळं त्याला सांगत होती. एकेक करून बाया तिच्याजवळ जाऊन बसल्या. आम्हाला कुठे पोचायचं नव्हतं. ती थांबेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.